हातचा

चियातुरात दुकान म्हणजे
एक खिडकी, एक तराजू आणि नीसियाची वही.
नीसिया म्हणजे उधारी.
बाबांच्या वहीत नावं नव्हती, ओळखी होत्या:
चौथा मजला, मांजरवाली.
ड्रिलवाला मुर्मान.
मुर्मानचा मेहुणा, देईल.
मेहुण्याचा मित्र.
त्याच्यापुढे ‘देईल’सुद्धा नाही.

बाबा गेले तेव्हा गल्ल्यात सव्वीस लारी
आणि वहीत चार हजार शंभर.
मी बेरीज दोनदा केली.
आपण बऱ्यापैकी श्रीमंत निघालो होतो.

मग पिठाचा ट्रकवाला आला.
वही काही त्याने घेतली नाही.

गुलिको खाणीच्या कचेरीत एकतीस वर्षं हिशेबनीस.
निवृत्त होताना तिने भेटीचं घड्याळ नाकारलं,
टेबलावरची मण्यांची चौकट मागून घेतली.
साखर न्यायला आली, मला रडताना पाहिलं,
म्हणाली, "रडायचं ते नंतर, एतेरी.
गेल्या आठवड्यात टोमॅटो किती सडले?"
माहीत नाही.
"विजेचं बिल?"
कुठल्यातरी बरणीखाली.
"आणि तू घरी नेतेस ते चीज?"
ते कशाला मोजायचं, ते आपलंच!
"आपलंच," ती म्हणाली,
"या एका शब्दात
या रस्त्यावरची तीन दुकानं गेली."

तेव्हापासून रोज, शेवटचा रोपवे डोंगरावर गेला की
आम्ही दोघी आणि तो खडखडाट.
आधी रोजकीर्द. मग खतावणी.
मग एक रकाना, जो भरताना माझा हात अडला:
एतेरीची मजुरी.
इतकी वर्षं बाबांनी स्वतःला फुकट राबवलं होतं
आणि त्या फुकटालाच नफा म्हटलं होतं.

शोती पाव, ज्यासाठी सकाळी रांग लागायची,
दर नगामागे तीन तेत्री खात होता.
मी भाव दहा तेत्रींनी वाढवला.
तीन दिवस गल्ली माझ्याशी बोलली नाही.
चौथ्या दिवशी वारा भट्टीकडून वाहिला.

बुडीत खात्याची यादी करायची वेळ आली
तेव्हा गुलिकोने चष्मा पुसला.
"पहिलं नाव लिही: चौथा मजला, मांजरवाली.
एकशे बारा लारी."
मी तिच्याकडे बघत राहिले.
"बघतेस काय? मांजर माझंच आहे.
माझ्या शिकवणीतून कापून घे,
आणि पावती दे."

पुढच्या हिवाळ्यात खाण सत्तर दिवस बंद राहिली.
समोरचं निळ्या पाटीचं दुकान, माझ्या दुप्पट मोठं,
फेब्रुवारीत उतरलेलं शटर घेऊन बसलं ते बसलंच.
त्याचा मालक भला माणूस होता,
कुणाला नाही म्हणायचा नाही,
आणि कुठे लिहायचाही नाही.
मी नाही म्हटलं. तीसच्या वर कुणालाच नाही.
मुर्मानने अजून माझ्याशी बोलणं टाकलेलं आहे.

त्याच दिवसांत शोरेनाची विधवा खिडकीशी आली,
काही मागितलं नाही, नुसती उभी.
मी दोन पाव दिले, आणि वही उघडून अडले.
उधारी म्हणावी तर ती फेडणार नाही,
विक्री तर नाहीच,
सडलेल्यांत तर लिहवत नाही.
गुलिको म्हणाली, "दान लिही."
थोड्या वेळाने:
"पण लिही."

आता तिला आकडे दिसत नाहीत.
भिंतीशी बसते, मांडीवर मांजर,
मी मणी सरकवते आणि ती ऐकते.
काल वार्षिक ताळेबंद घेऊन बसले होते,
बाहेर धुकं, खालून नदीचा काळा आवाज,
शेवटच्या रकान्याशी मी हुश्श केलं.
डोळे न उघडता ती म्हणाली,
"हातचा एक विसरलीस."

खरंच विसरले होते.